औषध नव्हे, खाऊ!

‘ताई, ह्याचा साइड इफेक्ट काही नाही ना?’ असं विचारत जो गुडघ्याच्या गोळ्यांची डबी उचलतो, त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. माझ्या तोंडून त्याला फक्त ‘छे, छे’ ऐकायचं असतं. मी ते म्हणत नाही. त्यामुळे सांगलीत आमच्या पेठेत माझं औषधाचं दुकान ‘ती बाई फार बोलते’ या नावाने ओळखलं जातं. बोलतेच मी. ज्या गोळीने शरीरात काही बिघडूच शकत नाही, तिने काही सुधारेल ही आशा कुठून आणायची? जे काम करतं ते कधीतरी नको तिथेही काम करतं, हे फार्मसीच्या पहिल्या वर्षालाच शिकवतात. आणि जे काहीच करत नाही त्याच्यापायी पेन्शनीतले महिन्याला दीड हजार रुपये का घालवायचे? ‘गुण भरपूर, अपाय शून्य’ हा तिसरा प्रकार फक्त जाहिरातीत असतो, नातवाला मागे टाकून जिना चढणाऱ्या आजोबांच्या शेजारी.

ती डबी जरा उलटी करून वाचा. भिंग लागेल, माझ्या काउंटरवर ठेवलेलं असतं. पुढच्या बाजूला लालभडक गुडघा, त्यातून निघणारे विजेचे लोळ, आणि मागे मुंगीच्या अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं की हे औषधी वापरासाठी नाही. खोटं नाही ते. कायद्याच्या लेखी ही वस्तू औषध नाहीच. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली ती अन्न म्हणून येते आणि २०१६च्या न्यूट्रास्युटिकल नियमांवर चालते. रोग बरा करतो असं म्हणायची तिला मुभा नाही. गिऱ्हाईक मात्र ‘एफएसएसएआय’चा चौदा आकडी नंबर दाखवून मला सांगतं, ‘ताई, सरकारमान्य आहे.’ काका, तो नंबर वडापावच्या गाडीलाही घ्यावा लागतो. फरक इतकाच, की वडापाव खाऊन गुडघा सुटतो असं गाडीवाला म्हणत नाही.

अन्न म्हणून बाजारात यायचे फायदे कंपन्यांनी केव्हाच ओळखलेत. नव्या औषधाला गुण सिद्ध करावा लागतो, अत्यावश्यक यादीतल्या औषधाच्या किमतीवर सरकारचा लगाम असतो. खाऊला दोन्ही नाही. ‘एमआरपी’ छापू ती. म्हणून माझ्याकडे येणारे प्रतिनिधी या मालावर जी स्कीम टाकतात, तशी पॅरासिटामॉलवर आजवर कुणी टाकलेली नाही. काही चिठ्ठ्यांवर सांध्यांच्या गोळीचं असं नाव असतं की ती डॉक्टरांच्या दवाखान्याखालच्या दुकानात मिळते आणि उभ्या गावात दुसरीकडे कुठेही मिळत नाही. गिऱ्हाईक तिथून माझ्याकडे येतं, मी नाही म्हणते, आणि ‘तुमच्याकडे चांगली औषधं नसतात’ हे मला ऐकवून जातं.

आता गुणाकडे वळू. या धंद्याचा राजा ग्लुकोसामाइन आणि वजीर कॉन्ड्रॉइटिन. अमेरिकेच्या सरकारी पैशातून त्यांची मोठी चाचणी झाली, २००६ साली तिचे निकाल आले. गुडघेदुखीचे १५८३ रुग्ण, पाच गट, चोवीस आठवडे. दोन्ही एकत्र घेतलेल्यांपैकी सुमारे ६७ टक्क्यांना बरं वाटलं. वाचून टाळ्या वाजवाव्यात असा आकडा. फक्त, ज्यांना औषधाचा कणही नसलेली गोळी दिली होती त्यांच्यातल्याही ६० टक्क्यांना बरं वाटलं होतं, आणि मधला फरक योगायोगाने पडावा इतकाच होता. ज्यांचं दुखणं जास्त होतं त्या छोट्या गटात एकत्र गोळीचा आकडा चांगला दिसला. विक्रेते आजही तेवढाच आकडा खिशात घेऊन फिरतात. मग स्पेनमध्ये १६४ रुग्णांवर नेमकी हीच जोडगोळी तपासली गेली, पैसा औषध कंपनीचाच. रिकाम्या गोळीने दुखणं ३३ टक्क्यांनी कमी झालं, खऱ्या गोळीने १९ टक्क्यांनी! चाचणी मध्येच थांबवली. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९च्या मार्गदर्शनात गुडघ्याच्या झिजेसाठी ही दोन्ही वापरू नका असं ठणकावून सांगितलं. उपचारांचं मार्गदर्शन करणारी ब्रिटनची संस्था ‘नाइस’ ग्लुकोसामाइनबद्दल तेच म्हणते.

यावर हुशार प्रतिनिधी युरोप काढतो. तिथल्या काही देशांत शुद्ध केलेलं ग्लुकोसामाइन सल्फेट डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून मिळतं आणि तिथले काही तज्ज्ञ त्याची बाजू घेतात. खरं आहे. पण ते औषध असतं, त्यात लिहिलेलं १५०० मिलिग्रॅम म्हणजे १५००च असतं. त्या नावाची पुण्याई इथल्या बारा घटकांच्या डबीने का लाटावी? कॉन्ड्रॉइटिनच्या मोठ्या चाचण्या झाल्या दिवसाला ८०० ते १२०० मिलिग्रॅमवर, आणि इथे कित्येक डब्यांत ते शंभर मिलिग्रॅम घालून नाव मात्र ठळक छापतात.

‘पण मला फरक पडला,’ हे मी रोज ऐकते. पडला असेल. झिजेचं दुखणं चढतं-उतरतं. माणूस डबी आणतो ती दुखणं शिगेला पोचल्यावर, त्यानंतर ते उतरणारच होतं. उतरलं की श्रेय डबीला, पुन्हा चढलं की दोष थंडीला.

डबीत काय असतं हेही एकदा सांगून टाकते, कारण आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणारी घरं पुष्कळ आहेत. ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात. मक्यापासून केलेलंही मिळतं, पण ते मुद्दाम शोधावं लागतं. कॉन्ड्रॉइटिन गाय, डुक्कर किंवा शार्कच्या कूर्चेतून येतं. कोलॅजन मासे नाहीतर जनावरांच्या कातड्यातून, ‘टाइप टू’ कोंबडीच्या छातीच्या कूर्चेतून. कवचाच्या माशांची ॲलर्जी असणाऱ्याने विचारल्याशिवाय हात लावू नये. बाकीच्यांनी हिरवा ठिपका बघावा आणि काय ते ठरवावं. एक मावशी माझं ऐकून डबी तशीच टाकून गेल्या. यकृताबद्दल, रक्तस्रावाबद्दल दहा वेळा सांगून जे झालं नव्हतं ते कोळंबीने एका मिनिटात केलं.

यकृताचा विषय निघालाच आहे तर हळद. सांगलीत बसून हळदीविरुद्ध बोलायचं म्हणजे गावाशी वैर. २०१८ साली आमच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरच्या जमिनीतल्या पेवांत ती पिढ्यान्‌पिढ्या साठवली गेली. माझ्याही आमटीत ती रोज असते. पण न्यू जर्सीचा मुलगा आईसाठी जी भलीमोठी बाटली आणतो, तिच्यात ही हळद नसते. हळदीत कर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास. बाटलीतली पाचशे मिलिग्रॅमची कॅप्सूल ९५ टक्के कर्क्युमिनॉइडची. म्हणजे एका कॅप्सूलमागे पंधरा-सोळा ग्रॅम हळद झाली आणि बाटली सांगते दिवसाला दोन घ्या. आमटीत एवढी हळद घालणारी सून मी तरी पाहिलेली नाही.

शिवाय त्यात मिऱ्याचा अर्क असतो. कर्क्युमिन नुसतं घेतलं तर आतड्यातून फारसं आत शिरतच नाही, आपलं नशीब. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातलं पायपरीन सोबत दिलं की माणसाच्या रक्तात ते वीस पटींनी जास्त पोचतं. हा आकडा कंपन्या अभिमानाने मिरवतात. पण जी दारं पायपरीन कर्क्युमिनसाठी उघडतं, तीच ते फिटच्या औषधासाठी आणि इतर गोळ्यांसाठीही उघडतं, हे कुठल्या बाटलीवर लिहिलंय? २०२२ साली अमेरिकेत यकृतावर लक्ष ठेवणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने हळदीच्या पूरक गोळ्यांनी यकृत बिघडलेले दहा रुग्ण नोंदवले, त्यांतला एक दगावला. दहांपैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली. ती खूण आपल्यात आहे की नाही हे बाटली उघडताना कुणाला माहीत असतं? इटली आणि ऑस्ट्रेलियातूनही इशारे आले. लाखो लोक घेतात आणि थोड्यांना बाधतं, हे मला मान्य. पण कावीळ झाली की डॉक्टर विचारतात, ‘काही औषध चालू होतं?’ आणि घरातले एका सुरात म्हणतात, ‘नाही हो, काहीच नाही.’

माझ्या रागाचं मूळ या ‘काहीच नाही’त आहे. खाऊ म्हणून विकलं की लोक ते खाऊसारखंच विसरतात. मिरजेला हृदयाची झडप बदलून आलेला माणूस रक्त पातळ ठेवायची गोळी घेतो, वॉरफेरिन किंवा असेनोकुमारोल. दर काही आठवड्यांनी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, म्हणजे पीटी-आयएनआर, तपासतो, पालेभाजी किती खाल्ली हेसुद्धा डॉक्टरांना इमानाने सांगतो. आणि जावयाने आणलेल्या ग्लुकोसामाइनच्या डबीबद्दल चकार शब्द काढत नाही! वॉरफेरिनसोबत ग्लुकोसामाइन घेऊन आयएनआर वाढल्याच्या, रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. ब्रिटनमध्ये अशा रुग्णांना ते घेऊच नका म्हणून सांगतात. कर्क्युमिनचे डोस, माशाच्या तेलाचे मोठे डोस, लसणाचे अर्क हेही त्याच वाटेचे. डॉक्टर बघतात तर आकडा वर गेलेला. ते गोळी कमी करतात. इकडे डबी संपते, माणूस नवी आणत नाही, आकडा खाली येतो, आता झडपेवर गुठळी व्हायची भीती. डबीचं नाव कागदावर कुठेच नाही.

आमवाताच्या रुग्णांचं याहून वाईट. आमवात म्हणजे उतारवयातली गुडघ्याची झीज नव्हे. तिशी-चाळिशीतल्या बाईची बोटं सकाळी सुजलेली, मूठ वळत नाही, आखडलेपण सुटायला तासभर लागतो. तिला वेळेत मेथोट्रेक्झेटसारखी औषधं मिळाली तर हात वाचतात. तिला मिळतं काय? शेजारणीचं कोलॅजन, वहिनीची हळदीची कॅप्सूल, आणि ‘इंग्लिश औषधं गरम पडतात’ हे ज्ञान. वर्ष जातं, बोटं वाकडी होतात, ती परत सरळ होत नाहीत. आणि जी बाई शहाणपणाने मेथोट्रेक्झेट घेते, जिचं यकृत डॉक्टर रक्त तपासून सांभाळत असतात, तिच्याही पिशवीत गुळवेलीच्या गोळ्या सापडतात. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने ते गुळवेल नव्हेच, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल असं म्हटलं. पुढे देशभरातल्या केंद्रांनी मिळून आणखी रुग्ण नोंदवले. आणि समजा मंत्रालयाचं म्हणणं खरं धरलं, तरी डबीत कुठली वेल आहे हे गिऱ्हाइकाने ओळखायचं तरी कसं?

ड जीवनसत्त्वाच्या पुड्यांबद्दल थोडक्यात सांगते. साठ हजार युनिटची पुडी डॉक्टर साधारण आठवड्याला एक अशी काही आठवडे देतात. लोक ती संपल्यावर जुनी चिठ्ठी दाखवून नेत राहतात, काही रोज दुधातून घेतात, वर कॅल्शियमच्या गोळीत ड, कोलॅजनच्या पावडरीतही ड. मग रक्तातलं कॅल्शियम चढतं, मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, आणि शेवटी मूत्रपिंड. ड कमी असेल तर जरूर भरून काढा. गुडघ्यासाठी म्हणून घेत असाल तर अमेरिकेच्या ‘व्हायटल’ चाचणीत गुडघेदुखीच्या सुमारे चौदाशे जणांना पाच वर्षं ड आणि माशाचं तेल देऊन पाहिलं, दुखण्यात फरक पडला नाही.

आणि ज्याने खरोखर फरक पडतो, दोन दिवसांत पडतो, त्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. आठवडी बाजारातली, कुणा बाबाकडची, कुरिअरने येणारी ‘शंभर टक्के झाडपाल्याची’ पुडी. अंथरुणाला खिळलेली म्हातारी तिसऱ्या दिवशी शेतात जाते. झाडपाला इतक्या घाईने काम करत नाही. स्टेरॉइड करतं. महिन्याभरात चेहरा गोल, पोट पुढे, साखर तीनशेवर, वर्षा-दोन वर्षांत खुब्याचं हाड सडायला लागतं. आणि पुडी एकदम बंद केली तर शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं, माणूस कोसळतो. हे अडाणी खेडवळांचं दुखणं समजू नका. २०२२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाला ‘आर्ट्री किंग’ नावाच्या सांध्यांच्या पूरक गोळ्यांत लेबलवर नसलेलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक सापडलं. ‘अमेरिकेतली आहे म्हणजे शुद्ध’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की १९९४च्या कायद्यानुसार तिथे असल्या गोळ्यांना बाजारात यायला कुणाची पूर्वपरवानगी लागत नाही.

आयुर्वेदाच्या नावाने बोटं मोडायला मी बसलेली नाही. माझी तक्रार वैद्याला टाळून आयुर्वेद घेणाऱ्यांशी आहे. योगराज गुग्गुळ मागायला आलेला माणूस शेजारची बाटली बघतो, ‘महायोगराज’, आणि म्हणतो, ‘ही द्या, ही भारी असेल.’ भारी आहेच. तिच्यात भस्मं आहेत आणि त्यांत नागभस्म आहे, म्हणजे शिशाचं. वैद्य ती नाडी, वय, मात्रा बघून मोजके दिवस देतात आणि बाटलीवरही वैद्यकीय देखरेखीखाली घ्या असं लिहिलेलं असतं. हे महाशय ती वर्षभर चहाबरोबर घेतात. बोस्टनच्या संशोधकांनी इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक उत्पादनं २००८ साली तपासली. दर पाचांत एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं, आणि अमेरिकेत बनलेल्यांचं प्रमाण इथे बनलेल्यांपेक्षा काही वेगळं नव्हतं.

मग गुडघ्याने करायचं काय? ज्याला कुणी स्कीम लावत नाही ते. मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम, रोजचं चालणं, आणि वजन. एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार कमी होतो, असं २००५ सालच्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. दुखऱ्या गुडघ्यावर चोळायची डायक्लोफिनॅकची साधी ट्यूब मार्गदर्शनात वरच्या जागी आहे, काठीही आहे. पण काठी घेतली की म्हातारं दिसतं म्हणे. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरा, हळूहळू खाली आणा, असं मी काउंटरवरून सांगितलं की लोक फसवल्यासारखे बघतात. औषधाच्या दुकानात येऊन फुकट व्यायाम घेऊन जायचा हा त्यांना अपमान वाटतो.

एवढं ऐकूनही डबी हवीच असेल तर घ्या, मी विकते, तो माझा धंदा आहे. पण ती औषध समजून घ्या. घरातल्या सगळ्या डब्या, पुड्या, बाटल्या एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता, लाजू नका. रक्त पातळ करायची गोळी, फिटचं औषध, मेथोट्रेक्झेट चालू असेल, यकृत किंवा मूत्रपिंड कमजोर असेल, तर त्यांनी हो म्हटल्याशिवाय झाकण उघडू नका. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा, नाहीतर कशाने बाधलं ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. तीन महिने घेऊन चालण्यात फरक नसेल तर बंद. ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा. लघवी गडद, डोळे पिवळे, शौचाला काळं, की त्याच दिवशी बंद करून दवाखाना. सांधा लाल, गरम आणि अंगात ताप असेल तर माझ्या दुकानाकडे फिरकूच नका, थेट दवाखाना गाठा. आणि बाधलंच तर १८००-१८०-३०२४ या सरकारी नंबरावर कळवा, फोन फुकट आहे. औषधांचे दुष्परिणाम तिथे नोंदवतात. तुम्ही बोलत नाही म्हणून ‘साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य बाजारात अजून चालतं.

२०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने पतंजलीच्या जाहिरातींबद्दल माफी छापून घेतली, तेव्हा ती जाहिरातींएवढीच मोठी आहे का, असं न्यायमूर्तींनी विचारलं होतं. प्रश्न मला फार आवडला. जिना चढणारे आजोबा जेवढे उंच छापता, तेवढ्याच उंच अक्षरांत, मराठीत, ‘हे औषधी वापरासाठी नाही’ असं डबीच्या पुढच्या बाजूला छापा. तोवर मीच ते एका पुठ्ठ्यावर मार्करने लिहून त्या कप्प्यावर चिकटवलं आहे. मध्यंतरी एक प्रतिनिधी आला, पुठ्ठा बघून कावराबावरा झाला आणि म्हणाला, ‘ताई, हे काढा ना, सेलवर परिणाम होतोय.’ म्हटलं, चला, त्या कप्प्यातल्या निदान एका वस्तूचा तरी परिणाम सिद्ध झाला.